देव पाण्यात होते ते वर्ष

भिवंडीतल्या आमच्या निजामपुऱ्याच्या गल्लीत कुणाला खोकला धरला आणि तो काही केल्या सुटेना, की लोक त्याला माझ्याकडे पिटाळतात. मी डॉक्टर नाही. मी लूमचा जॉबर, म्हणजे बंद पडलेला यंत्रमाग चालू करून देणारा माणूस. पण मला टीबी झाला होता आणि मी अजून सायकल मारत राहनाळहून निजामपुऱ्यात कामाला येतो, एवढीच माझी डिग्री. लोकांना ती पुरते.

येणारा माणूस आधी औषधांचं विचारतो. किती महिने घ्यायची, तोंडाची चव जाते का, लघवी लाल होते ते रक्त तर नाही ना. मग इकडेतिकडे बघून हळूच विचारतो, "देवरामदादा, तुम्ही कुठल्या देवाचं केलं होतं?" मी देव मानत नाही हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे, तरी विचारतात. मी सांगतो, "बाबा, देवानं माझं काय केलं ते मला माहीत नाही. पण माझ्यापायी देवांचं काय झालं, ते सांगू शकतो. वर्षभर पाण्यात होते बिचारे." त्यावर तो हसतो. हसला की त्याची भीती थोडी कमी होते आणि पुढचं सांगायला मला सोपं जातं. तेच आज लिहून ठेवतोय, म्हणजे मी शेडवर नसलो तरी कुणाला वाचता येईल.

माझ्या नावात देव आहे, रामही आहे, आणि मी मानत कुणालाच नाही, यावरून जन्मभर माझी थट्टा झाली. यामागं काही मोठी कथा नाही. माझ्यावर कसला अन्याय झाला नव्हता, की पुस्तकं वाचून मी शहाणा झालो नव्हतो. काही माणसांना गाणं कळत नाही. शेजारी मैफल कितीही रंगली तरी ती जांभया देतात. तसं माझं देवाच्या बाबतीत. आय हात जोडून उभी असायची आणि मी शेजारी आरती संपायची वाट बघायचो, कारण नंतर खोबरं मिळायचं. मोठा झाल्यावर उभं राहणंही सोडलं. पण मानणाऱ्या माणसाला नेमकं काय ऐकू येतं, याचं कुतूहल मात्र मला कायम होतं. आजारपणात पडून राहण्याशिवाय काम नव्हतं, तेव्हा जो भेटेल त्याला मी हेच विचारत सुटलो.

*

शहाऐंशी सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे भाताची लावणी चालू होती. मी शेडमध्ये एका लूमवर वाकून काम करत होतो. खोकला तर कित्येक दिवसांचा होता. सगळ्यांनाच असतो, कापसाची धूळ आहे म्हणून कुणी लक्ष देत नाही. त्या दिवशी खोकल्याची उबळ आली आणि समोरच्या कोऱ्या पांढऱ्या कापडावर रक्त पडलं. शिंतोडे नव्हेत, चांगलं तळहाताएवढं. बाजूचा कारीगर ओरडला, आणि त्यानं धावत जाऊन लूम बंद केला. त्या खडखडाटात एकच लूम थांबला, तरी सगळी शेड माझ्याकडे बघायला लागली.

आमचे नजीरशेठ ऑफिसातून आले. ते इथलेच, निजामपुऱ्यातले जुने कोकणी मुसलमान. कापडाचा एवढासा डाग खपवून घेत नाहीत असा त्यांचा लौकिक. त्यांनी स्वतः कात्री मागितली, रक्ताचा तुकडा कापला, घडी केली आणि कुणाला न देता आपल्याच हातानं बाहेर नेला. परत येऊन म्हणाले, "कापड गेलं तर गेलं. तू गाडीत बस." मी म्हटलं, "शेठ, शिफ्ट संपू दे." तर अशी शिवी दिली की इथं लिहिता येणार नाही.

हॉस्पिटलात छातीच्या डॉक्टर एक बाई होत्या. आम्ही त्यांना मॅडमच म्हणायचो. तोपर्यंत माझी बायको सुमन शेतातून तशीच आली होती. पायाला चिखल, पदर खोचलेला. मॅडमनी माझ्या छातीचा फोटो उजेडाला धरला. एका बाजूला वर पांढरं पांढरं आणि मधे काळं भोक. त्या खूप काही सांगत होत्या. मला एक शब्द कळत नव्हता, कारण माझं लक्ष त्या भोकावर होतं. सुमननं मात्र सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "मरतील का?"

मॅडम म्हणाल्या, "गोळ्या सोडल्या तर मरतील. नाही सोडल्या तर नाही."

"कवापर्यंत घ्यायच्या?"

"मी सांगेपर्यंत. बरं वाटेपर्यंत नाही हं, मी सांगेपर्यंत. आणि घरात लहान मूल आहे ना? त्याला लांब ठेवा. तेही मी सांगेपर्यंत."

आमची छबी तेव्हा पाच वर्षांची होती. माझ्या कुशीत झोपल्याशिवाय तिला झोप यायची नाही. सुमननं मान डोलावली. रडली नाही. मीच रडलो.

त्याच दिवशी मला तिथं दाखल करून ती घरी गेली. छबीला उचलून शेजारच्या वळ गावात माहेरी पोचवलं, परत आली, पाय धुतले आणि देव्हाऱ्यातले सगळे देव तांब्याच्या तपेल्यात पाण्यात घातले. आमच्या एकवीरेचा टाक, खंडोबाचा टाक, छोटा पितळी गणपती, रांगता बाळकृष्ण. निवडणुकीच्या वेळी पेपरवाले लिहितात ना, अमुक पुढारी देव पाण्यात घालून बसलेत, तो झाला बोलायचा प्रकार. आमच्या घरी ते खरोखर झालं. हवं ते मिळेपर्यंत देवानं पाण्यात राहायचं. रोज पाणी बदलायचं, फूल वाहायचं, पण बाहेर काढायचं नाही.

दुसऱ्या दिवशी हे ऐकून मी म्हणालो, "अगं, त्यांना सर्दी होईल."

ती म्हणाली, "होऊ द्या. तुमच्या वॉर्डात आणून टाकते."

*

वॉर्डातले दिवस सांगण्यासारखे नाहीत, पण थोडं सांगतो. सकाळी सुई. आज एका बाजूला, उद्या दुसऱ्या बाजूला. काही दिवसांनी बसायचं कुठल्या बाजूवर हाच प्रश्न. मूठभर गोळ्या, त्यावर मळमळ. सगळ्यांच्या खाटेखाली झाकणाचे डबे, थुंकायला. नातेवाईक तोंडावर रुमाल धरून यायचे आणि लांबूनच केळी ठेवून जायचे. तिथं माणसाला स्वतःचीच किळस यायला लागते. नवीन माणसाला मी हे मुद्दाम सांगतो. तसं वाटणं म्हणजे आजाराचाच भाग. गोळ्यांबरोबर तेही कमी होतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर अब्बासभाई होता. लूमचाच कारीगर, उत्तरेकडचा, माझ्याच वयाचा. त्याला उठून बसवत नव्हतं, तर पडल्या पडल्या नमाज पढायचा. नुसती मान हलायची, तीही शेवटी हलेना, तेव्हा पापण्या हलायच्या. मी एकदा विचारलं, "अब्बासभाई, एवढ्या हालात पण कशाला? तो मानतो कशावरून तुझी?"

 तो म्हणाला, "भाई, बारा बारा घंटे लूम की आवाज में खड़ा रहा. उधर कोई किसी की नहीं सुनता. एक वो सुन रहा है ऐसा लगता था. बस, इतनाच."

मी आयुष्यात ऐकलेलं हे सगळ्यात सरळ उत्तर. त्यात नरक नाही, स्वर्ग नाही, मागणंसुद्धा नाही. मला त्या माणसाचा हेवा वाटला आणि तसं मी त्याला बोललोही. त्याला हसू आलं, हसण्यानं खोकला आला, आणि नर्सबाई माझ्यावर ओरडली.

अब्बासचा आजार उलटला होता. पहिल्यांदा गोळ्या चालू केल्यावर त्याला छान वाटायला लागलं. ताप गेला, भूक लागली. त्यानं अल्लाचे आभार मानले, गोळ्या सोडल्या आणि गावाला गेला. "मैं समझा उसने सुन लिया," तो म्हणाला. माझी सुट्टी व्हायच्या आधीच तो गेला. सुमन डबा घेऊन आली तेव्हा त्याची गादी उन्हात टाकलेली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती त्या रिकाम्या खाटेकडे बघत राहिली.

*

घरी आलो. आयनं माझ्या कपाच्या कानाला सुतळी बांधून ठेवली होती, ओळखायला. ताट वेगळं, तांब्या वेगळा. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही, घाबरली होती बिचारी. पण स्वतःच्या घरात सुतळीचा कप मी कुणी बघत नाही ना, ते पाहूनच उचलायचो.

एकदा नजीरशेठ बघायला आले. ओटीवर बसले. सुमननं चहा आणला, दोन कप. शेठनी नेमका सुतळीचा उचलला. मी ओरडलोच, "शेठ, तो माझा!"

"मालूम हाय," शेठ म्हणाले आणि एक घोट घेतला. "कप तुजा, चाय सुमनची. मी चाय पितोय."

आय दारात उभी होती, तिनं हे बघितलं. त्या दिवसानंतर ती सुतळी दिसली नाही. निघताना शेठ म्हणाले, "दर जुम्म्याला तुझ्या नावानं दुवा मागतो, देवराम."

मी म्हटलं, "शेठ, तुम्हाला ठाऊक हाय, मी मानत न्हाय."

"तुला कुणी विचारलं? मागणारा मी, देणारा तो. तू मधी कोण?"

  शेठना मी विचारलं होतं, तुम्ही का मानता. ते म्हणाले, कारखाना वडिलांकडून आला, दुवापण त्यांच्याकडूनच आली, दोन्ही चालवतोय. पुढं हेही म्हणाले की दोन्ही कधी कधी बंद पडतात. कारखान्याला जॉबर मिळतो.

सगळ्यात वाईट होतं ते छबीचं. वळ म्हणजे काही परदेश नाही. आमच्या शेताच्या बांधावर उभं राहिलं की पलीकडून माणूस चालत येताना दिसतो. संध्याकाळी मामा तिला तिकडच्या बांधापर्यंत आणायचा. ती हात हलवायची, मी हात हलवायचो. मधे भाताची खाचरं. ती काहीतरी ओरडून सांगायची. वाऱ्यानं ते पोचायचं नाही, तरी मी "हा, हा" करायचो. सुमन माझ्याबरोबर कधी आली नाही. एकदा आग्रह केला तर म्हणाली, "मी आले तर पळत जाऊन उचलून आणीन तिला. मना न्हाय यायचं."

*

गणपती जवळ आले तोवर मी तरतरीत झालो होतो. ताप नाही, खोकला नावाला. सुकटीचं कालवण आणि भाकरी दणकून खात होतो. शर्ट पुन्हा अंगात बसायला लागला. मलाच वाटायला लागलं, झालं, संपलं. गोळ्यांनी पोटात ढवळायचं, त्या आता पुरे. मुख्य म्हणजे छबीला गणपतीला घरी आणायची. अब्बासची गादी मला आठवत नव्हती असं नाही. पण अब्बास अब्बास होता आणि मी मी होतो, असं माणसाला वाटतंच. कुणालाही विचारा.

गणपतीच्या आदल्या दिवशी सुमन बाजाराला गेली होती. आय उठली, तपेल्यापाशी बसली आणि म्हणाली, "घरात गणपती येणार आणि घरचे देव बुडालेले? माझा पोरगा बरा झालाय. डोळ्यांना दिसतंय की." तिनं एकेक देव बाहेर काढला, चिंच लावून घासला, पुसला, देव्हाऱ्यात बसवला, दिवा लावला. शेजारीपाजारी साखर वाटली. म्हातारीचा चेहरा असा फुलला होता की मी, न मानणारा, मीसुद्धा चिमूटभर साखर खाल्ली. शिवाय माझा फायदा होता. मी आयला म्हटलं, "बघ, आता तर देवांनीच सांगितलं मी बरा झालो. गोळ्या बंद. उद्या छबीला आणतो."

सुमन आली. हातात पिशव्या, मखराचे कागद. तिनं देव्हारा बघितला, दिवा बघितला, माझ्याकडे बघितलं.

"मॅडमनी सांगितलं?"

"मॅडम कशाला पाहिजे? मना बरं वाटतंय."

"अब्बासभाईला पण वाटलं होतं," ती म्हणाली.

तिनं पिशव्या खाली ठेवल्या, हात धुतले, तपेल्यात पाणी भरलं आणि देव्हाऱ्यातून एकवीरेचा टाक उचलून पुन्हा पाण्यात ठेवला. मग खंडोबा. मग गणपती.

आय किंचाळली. "अगं बये! वर काढलेला देव परत बुडवतंस? पाप लागंल, वाटोळं होईल घराचं!"

"लागू द्या. माझ्या माथ्यावर लागू द्या." तिच्या हातात बाळकृष्ण होता. ती घाबरली नव्हती असं नाही. माझ्यापेक्षा आणि आयपेक्षा तीच जास्त मानणारी. देवाला दिलेला शब्द मोडणं काय आणि वर आलेला देव बुडवणं काय, दोन्ही तिला सारखंच भयंकर होतं. तरी तिनं बाळकृष्ण पाण्यात सोडला. "आय, मी त्यांना सांगितलंय, मॅडम सांगंपर्यंत. यांना बरं वाटंपर्यंत असं म्या सांगितलंच न्हाय. बोलणं झालंय ते झालंय."

मी चिडलो. छबीचं नाव घेऊन वाटेल ते बोललो. तुला पोरीची माया नाही, असंही बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि ग्लास आणि गोळ्या माझ्यापुढं धरल्या. ती उभीच राहिली. तिचं उभं राहणं तुम्ही बघितलेलं नाही. मी गोळ्या गिळल्या.

आता विचार करतो तेव्हा मला याचंच नवल वाटतं. देव न मानणारा मी, सगळ्याला कारण शोधणारा, "मला वाटतंय" यावर विसंबून बसलो होतो. आणि देव पाण्यात घालणारी माझी बायको मॅडमचा निकाल मागत होती. आमच्या दोघांत अंधश्रद्ध कोण, तुम्हीच ठरवा.

त्या वर्षी मखरात गणपती बसले आणि शेजारी तपेलं. आलेला प्रत्येक पाहुणा विचारायचा आणि आय म्हणायची, "तिला विचारा." सासू-सुनेचं बोलणं बंद झालं. आयनं शपथ घेतली, त्या तपेल्याला परत हात लावणार नाही.

विसर्जनानंतर मॅडमकडे गेलो. थुंकी तपासली. मॅडम म्हणाल्या, "जंतू अजून आहेत. कमी झालेत, पण आहेत." मग माझ्याकडे बघून विचारलं, "मुलीला घरी आणलं नाही ना?"

सुमन म्हणाली, "न्हाय."

मी खाली बघत बसलो. गणपतीचे ते सगळे दिवस छबी माझ्या कुशीत झोपली असती. बाहेर आल्यावर व्हरांड्यात मी सुमनचे पाय धरायला वाकलो, तर तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. "लोक बघतात," म्हणाली. मग त्याच व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसून ती रडली. तोपर्यंतचं सगळं रडणं तिनं तिथं रडून घेतलं.

*

दिवाळी झाल्यावर थुंकी साफ आली आणि छबी घरी आली. ते काय लिहू, तुम्हाला कळेल. पण फोटोत डाग होता, गोळ्या चालू होत्या आणि देव पाण्यातच होते.

थंडीत सुमनचे वडील गेले, अचानक. ती वळला निघाली आणि दारातच थांबली. बापाचं सुतक तिला लागलं होतं, म्हणजे तेवढे दिवस देवाला शिवायचं नाही. आय शिवणार नव्हती, शपथ होती. छबी लहान. मग पाणी कोण बदलणार?

शेजारची काकू म्हणाली, "देवराम हाय की."

आय म्हणाली, "त्याला कसं चालंल? जावयाला पण सासऱ्याचं सुतक असतं." काकू म्हणाली नसतं, आय म्हणाली असतं. मढं तिकडे वळला पडलेलं आणि या दोघी इथं वाद घालतायत.

सुमन माझ्याकडे बघत होती. "यांना कसलं सुतक?" ती म्हणाली. "यांना देवच न्हाय, तर सुतक कुठनं येणार? घरात शिवण्याजोगं हेच एकटे हायत."

काकू आपल्या घरी गेली आणि आय ओटीवर जाऊन बसली. 

तर ती माहेरी असताना मी, देवराम, सकाळी अंघोळ करून तपेल्यापुढं बसायचो. लहानपणानंतर पहिल्यांदाच त्यांना हात लावत होतो. किती लहान होते ते! वर्षानुवर्षं लांबून बघितल्यानं मला मोठे वाटायचे. बाळकृष्णाच्या गुडघ्याचं पितळ झिजून गुळगुळीत झालं होतं. एकेकाला ताटात ठेवायचं, जुनं पाणी तुळशीत ओतायचं, विहिरीचं ताजं भरायचं, परत ठेवायचं. आय ओटीवर माझ्याकडे पाठ करून बसायची, पण कान इकडेच. खरं तर मी काहीच केलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं. सुमन थोडीच पाणी ओळखणार होती? तरी एक दिवस चुकवला नाही. एकदा तर फूल राहिलं म्हणून परसात जाऊन जास्वंद घेऊन आलो.

मला काही ऐकू आलं का? नाही. खोटं कशाला सांगू. पण सुमन रोज सकाळी इथं बसून काय करत असेल, ते मला हातानं कळलं. ती मागत नव्हती. ती रोज येऊन त्यांना आठवण देत होती, जशी मला गोळीची द्यायची.

परत आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "पाणी?"

"बदललं. गोळ्यांचं विचार की आधी!"

"गोळ्यांचं तुमच्या तोंडावरून दिसतंय," ती म्हणाली.

*

पुढच्या पावसाळ्यात मॅडमनी शेवटचा फोटो उजेडाला धरला. भोकाच्या जागी एक बारीक रेघ होती, जुन्या जखमेची. "झालं," त्या म्हणाल्या. "आता सोडा." त्यांनाही मी विचारलं होतं मानता का म्हणून. त्या म्हणाल्या होत्या, वेळ नाही हो तेवढा. पण फोटो खाली ठेवताना त्यांचे ओठ हलले, हे मी बघितलं. काय ते त्यांना माहीत.

घरी आल्यावर सुमन आयपुढं जाऊन बसली. "आय, मॅडमनी सांगितलं. आता तुमच्या हातानं काढा."

मला वाटलं आय तोंड फिरवणार. ती उठली. तपेल्यापाशी बसली, पण देव काढायच्या आधी तिनं सुमनच्या तोंडावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. मग दोघींनी मिळून देव बाहेर काढले. चिंचेनं घासले तरी बाळकृष्णाच्या खाचांत हिरवं राहिलं ते राहिलंच. आजही आहे.

मी सुमनला विचारलं, "आणि मी मेलो असतो तर? किती दिवस ठेवणार होतीस?"

"मंग त्यांना पण खाडीत सोडलं असतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशीच सांगितलं होतं त्यांना. हे गेले तर तुमी पण गेलात."

मी चाट पडलो. मला न मानायला काहीच लागलं नव्हतं. गाणं कळत नाही त्याचं काय जातं? हिनं मात्र असलेलं सगळं लावलं होतं. त्या दिवशी मला माझ्या बायकोचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कशाचाच कधी वाटला नाही, आणि मी तो बोलूनही दाखवला. ती लाजली. मग मीच विचारलं, इतरांना विचारलं ते हिला विचारायचं राहूनच गेलं होतं. "तू का मानतेस?"

"मानायचं काय त्यात? तुमी लूमला मानता का? कामाला लावता ना? तसं." थोड्या वेळानं म्हणाली, "आता तरी मानाल का?"

"न्हाय."

"बरं झालं. घरात एक माणूस बिनसुतकाचा असावा."

*

आता आमच्याकडे भाताच्या खाचरांवर गोडाऊनं उठतायत. छबी भिवंडीला कॉलेजात जाते. आलेल्या खोकलेवाल्याला मी एवढंच सांगतो की तुझ्या घरात कोण उभं राहील ते आधी बघ. अल्लासमोर, एकवीरेसमोर नाहीतर नुसतं तुझ्यासमोर. पण गोळी गिळेपर्यंत उभं राहील असं कुणीतरी बघ, आणि त्याचं ऐक.

दोन वर्षांपूर्वी आय गेली. म्हातारी झाली होती, त्रास न होता गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. सगळ्यांना सुतक, देव्हाऱ्याकडे कुणी फिरकत नव्हतं. मी ओटीवर, आय तपेल्याकडे पाठ करून बसायची त्याच जागी बसलो होतो. सुमन आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "उठता का? देवांना पाणी घाला. तुमाला कुठं काय असतं."

मी उठायला गेलो, आणि उठता येईना. भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. 

"सुमे," मी म्हणालो, "या वेळेला मला हाय गं सुतक."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिथंच, माझ्या शेजारी, जमिनीवर बसली आणि माझा हात मांडीवर घेतला.

"मंग राहू द्या," ती म्हणाली. "वर्षभर पाण्यात थांबले ते. दहा दिवस बिनअंघोळीचे थांबतील."